इन्सुलिन सुटेल, पण कशाच्या बदल्यात?

एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

"माझी लेक एकोणीस वर्षांची. नवव्या वर्षी टाइप वन डायबेटिस निघाला, तेव्हापासून रोज चार इंजेक्शनं. आता पुण्यात होस्टेलवर राहून शिकते. तिच्या मामाने अमेरिकेहून बातमी पाठवली, की मूळपेशींपासून तयार केलेल्या पेशी देऊन बाराजणांपैकी दहाजणांचं इन्सुलिन सुटलं. आम्ही चौकशी केली, तर शहरातलं एक क्लिनिक म्हणालं, हीच ट्रीटमेंट आमच्याकडे चार सिटिंगमध्ये साडेसहा लाखांत होते. एका मुलाचा व्हिडिओही दाखवला. रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन विकायचं ह्यांच्या मनात आहे, गिऱ्हाईकही आलंय. पण लेक तयार नाही. 'मला कुणी विचारलं का?' म्हणते. पुढे लग्नाचं बघायचं तर ही इंजेक्शनं किती दिवस लपवणार? मला स्वतःला थायरॉइड आहे. सकाळी एक गोळी घेते, कुणाला कळतही नाही. तिच्यासाठी असं काही का नाही? काय करावं?"

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. या क्लिनिकसाठी जमीन विकू नका. एक रुपयाही भरू नका. मामांनी पाठवलेली बातमी खरी आहे आणि क्लिनिक सांगतंय ते खरं नाही. दोघांच्या तोंडी 'स्टेम सेल', म्हणजे जिच्यापासून इतर पेशी घडू शकतात ती मूळपेशी, हा एकच शब्द आहे, बाकी दोन्हींत काही साम्य नाही.

तुमचा थायरॉइडचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमची ग्रंथी जे हार्मोन कमी बनवते, तेच गोळीतून मिळतं. ते रक्तात इतकं टिकतं की घेतलेल्यातलं निम्मं संपायलाच साधारण आठवडा जातो. म्हणून एखाद्या दिवशी गोळी राहिली तरी काही बिघडत नाही, आणि आज पुरणपोळी खाल्ली की लंघन केलं, याने डोस बदलत नाही. इन्सुलिनचं उलट आहे. स्वादुपिंडातून रक्तात आलेलं इन्सुलिन पाचेक मिनिटांत निम्मं होतं. त्याची गरज प्रत्येक घासाला, प्रत्येक जिन्याला, तापाला, परीक्षेच्या ताणाला बदलते. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड साखर सतत मोजतं आणि तेवढंच इन्सुलिन सोडतं. तुमच्या लेकीकडून नुसतं हार्मोन गेलेलं नाही, हे मोजमाप गेलं आहे. हार्मोन पेनात भरून देता येतं. मोजमाप गोळीत भरता येत नाही. ते काम गेली दहा वर्षं ती पोर स्वतः करते आहे, वर्गात, बसमध्ये, मध्यरात्री उठून.

म्हणूनच ग्रंथीचं काम करणारी जिवंत ऊती तयार करण्याची सगळ्यात मोठी धडपड मधुमेहासाठी चालली आहे. थायरॉइडवरही प्रयोग झालेत. ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये उंदराच्या मूळपेशींपासून थायरॉइडची ऊती घडवली आणि ग्रंथी नसलेल्या उंदरांत ती चालवून दाखवली. पण तुमच्यासारख्यांचं गोळीवर उत्तम भागतं, त्यामुळे तिथे घाई नाही.

आता स्वादुपिंडाबद्दल. पोटात जठराच्या मागे असलेल्या या अवयवाचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. त्यात विखुरलेले सुमारे दहा लाख बारीक पुंजके असतात, त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. एकेक पुंजका मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा. सगळे गोळा केले तर वजन जेमतेम एक-दोन ग्रॅम. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती नेमक्या या पेशींना परकं समजून मारते. साखर जास्त खाल्ल्याने, आईच्या दुधात काही कमी पडल्याने, नवसाने वा दृष्टीने हे होत नाही. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण अनेक आया मनात स्वतःला दोष देत असतात, म्हणून हे सांगितलं.

दोन ग्रॅम ऊतीच तर हवी, मग अडतं कुठे? तीन ठिकाणी अडतं, आणि ही तीन ठिकाणं समजली की कुठलंही क्लिनिक तुम्हाला फसवू शकणार नाही.

पहिला प्रश्न, पेशी आणायच्या कुठून? कॅनडातल्या एडमंटन इथे जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी 2000 साली सात रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून बेटं सुटी करून त्यांनी ती यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडली. बेटं यकृतात रुजली आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. पण एकेका रुग्णाला दोन किंवा अधिक दाते लागले. शिवाय पुढे अनेक केंद्रांत मिळून 36 जणांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा वर्षाअखेर इन्सुलिनशिवाय 16 जण होते आणि दोन वर्षांनी त्यांतले फक्त पाच उरले. भारतात वर्षभरातले मृत अवयवदाते जेमतेम हजार-अकराशे. त्या हिशेबाने हा मार्ग लाखो मुलांसाठी कधीच पुरला नसता.

हा अडसर दूर केला हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी. त्यांचं नाव मुद्दाम घेते, कारण ते तुमच्यासारखेच एका टाइप वनच्या मुलाचे पालक. 1991 मध्ये त्यांच्या तान्ह्या मुलाला हा आजार निघाला, पुढे मुलीलाही. त्यांनी आपलं आधीचं संशोधन सोडून बीटा पेशींचा ध्यास घेतला. मूळपेशींपासून प्रयोगशाळेत, हव्या तेवढ्या संख्येने, साखर ओळखणाऱ्या पेशी बनवण्याची कृती त्यांच्या गटाने प्रसिद्ध केली ती 2014 साली. तोवर दोन्ही मुलं इन्सुलिनवरच मोठी झाली होती. मामांच्या बातमीतलं औषध, झिमिस्लेसेल, याच कामातून आलं आहे.

दुसरा प्रश्न रक्तपुरवठ्याचा. बेटं वजनाने स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्के, पण त्याच्या रक्तातला दहा टक्क्यांहून मोठा वाटा ओढून घेतात. सुटी केली की केशवाहिन्या तुटतात. नव्या जागी पुन्हा रक्तवाहिन्या फुटेपर्यंत पुष्कळ बेटं प्राणवायूविना मरतात, मूळं तुटलेलं रोप उन्हात लावल्यासारखी. त्यामुळे पेशी कुठे ठेवायच्या यावर अजून शोध चालू आहे. यकृत, पोटाच्या स्नायूचं आवरण, दंडाखालचा हाताचा स्नायू, असं बरंच काही तपासलं जातंय. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं ऑपरेशन करताना सर्जन त्यांचा लहानसा तुकडा रुग्णाच्याच हाताच्या स्नायूत पुरतात आणि तो तिथून कॅल्शियम सांभाळायला लागतो. हे कित्येक दशकं चालत आलं आहे. म्हणजे ग्रंथी जागेवरच हवी असं नाही. पण तो तुकडा रुग्णाचा स्वतःचा असतो, आणि त्याच्यामागे प्रतिकारशक्ती हात धुऊन लागलेली नसते.

तिसरा प्रश्न हाच, आणि तुमच्या लेकीचा निर्णय इथेच ठरतो. बाहेरून आणलेल्या पेशींवर शरीर दोन बाजूंनी हल्ला करतं. एकतर परक्या म्हणून, आणि दुसरं, बीटा पेशी म्हणून. ते थोपवायला किडनी बदललेल्या माणसासारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, पेशी जगवायच्या तितके दिवस.

2025 मध्ये प्रसिद्ध झालेले झिमिस्लेसेलचे निकाल या नजरेने वाचा. पूर्ण डोस मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जण वर्षाअखेर इन्सुलिनविना होते. बाराही जणांना साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे झटके येणं थांबलं. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्याच अहवालात हेही आहे, की एकूण 14 जणांपैकी दोघे दगावले. एकाला मेंदूच्या आवरणाचा बुरशीचा संसर्ग झाला. असा संसर्ग प्रामुख्याने दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसालाच गाठतो. दुसऱ्याला मेंदूचा आजार आधीपासून होता आणि तो बळावला. या पेशींमुळे मृत्यू झाले असा ठपका नाही. तरी औषधांचा धोका किती खरा आहे, हे त्यातून कळतं. टॅक्रोलिमस हे त्यांतलं एक औषध. ते दीर्घकाळ घेतलं तर किडनीला इजा करू शकतं, आणि मधुमेहात आपण सगळ्यात जास्त जपतो ती किडनीच. सोबतच्या काही औषधांवर असताना मूल होऊ देता येत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हे दोन्ही हिशेबात घ्यायलाच हवं.

मग त्या 12 जणांनी हा धोका का पत्करला? कारण त्यांची साखर खाली जायची आणि त्यांना कळायचंच नाही. थरथर नाही, घाम नाही, थेट बेशुद्धी. अशा माणसासाठी प्रत्येक रात्र जिवावरची असते. चाचणीत घेतले ते असेच प्रौढ रुग्ण. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'लो झालं की तिचे हात थरथरतात आणि ती लगेच ग्लुकोज घेते.' म्हणजे तिची सूचनाघंटा शाबूत आहे. आजच्या घडीला तिला या उपचाराने जे मिळेल, त्यापेक्षा द्यावं जास्त लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

'इंजेक्शन सुटलं म्हणजे पोरगी बरी झाली' हे तुम्ही गृहीत धरलंय, ते जरा हातात घेऊन बघा. आज तिच्याकडे चार सुया आहेत आणि संसर्गाशी लढणारं धडधाकट शरीर आहे. त्या बदल्यात सुया जातील, पण रोजच्या गोळ्या, रक्तातल्या औषधाच्या पातळीच्या तपासण्या आणि प्रत्येक तापाची धास्ती येईल. काहींसाठी हा सौदा रास्त आहे, तिच्यासाठी आज नाही.

उद्या माझं मत कशाने बदलेल, तेही सांगते. तिला लो झाल्याचं कळेनासं झालं, तर. किंवा कधी किडनीचं प्रत्यारोपण करावं लागलं, तर. तेव्हा ती औषधं घ्यावीच लागतात, मग सोबत स्वादुपिंडाचाही विचार करतात. चीनमधल्या तियानजिनच्या ज्या तरुणीची बातमी 2024 मध्ये गाजली, तिच्या स्वतःच्याच पेशींपासून बेटं बनवली होती आणि 75 दिवसांत इन्सुलिन थांबलं होतं. पण तिचं यकृत आधीच बदललेलं होतं आणि ती ही औषधं घेतच होती, हे बातम्यांत मागे पडलं. तिसरी शक्यता मला सगळ्यात आशेची वाटते. औषधांविना पेशी टिकवण्याची. कवचात बंद करून टिकवायचा मार्ग 1980 पासून चालू आहे. तेव्हा उंदरांत समुद्री शैवालापासून काढलेल्या अल्जिनेटच्या थेंबात बेटं जगली होती. माणसात मात्र कवच प्रतिकारशक्तीला अडवतं तसं प्राणवायूलाही अडवतं. झिमिस्लेसेलच्याच कंपनीने पेशी डबीत घालून केलेली चाचणी 2025 मध्ये थांबवली, इन्सुलिन पुरेसं बनत नव्हतं. त्याच वर्षी स्वीडनमधल्या उप्साला इथून दुसरी बातमी आली. दात्याच्या पेशींची जनुकं बदलून, त्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत येणार नाहीत अशा करून, एका माणसाच्या हाताच्या स्नायूत टोचल्या. एकही औषध न देता त्या 12 आठवड्यांनी जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. मात्रा मुद्दाम लहान ठेवली होती, त्यामुळे त्याचं इन्सुलिन सुटलं नाही. एकाच माणसाचा अनुभव आहे. तरी मी वाट बघते आहे ती याची.

आता ते क्लिनिक. तुम्ही लिहिलंय की 'पोटाच्या चरबीतून पेशी काढून सलाइनमधून सोडतात.' ताई, त्या चरबीतल्या पेशी बीटा पेशी नाहीत आणि शिरेतून सोडल्याने त्या बीटा पेशी होत नाहीत. शिरेतून गेलेल्या अशा पेशी मोठ्या प्रमाणावर आधी फुफ्फुसातच अडकतात. अमेरिकेतल्या चाचणीत प्रयोगशाळेत घडवलेल्या 80 कोटी बेट-पेशी यकृतात सोडल्या होत्या आणि वर ती कडक औषधं होती. 'हीच ट्रीटमेंट' म्हणणाऱ्याला विचारा, मग प्रतिकारशक्तीची औषधं कुठली देता? 'आमच्यात लागत नाहीत' हे उत्तर आलं, तर तिथेच उठा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी-प्रत्यारोपण सोडलं, तर नोंदणीकृत चाचणीबाहेर मूळपेशींचा उपचार करणं अनैतिक. चाचणीच असेल, तर तिचा सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक असतो. तो मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, कुणालाही फुकट बघता येतं. आणि चाचणी म्हणून एखादं नवं औषध किंवा पेशी देणारे त्याचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पैसे मागितले की कळावं, हा धंदा आहे.

व्हिडिओतल्या मुलाबद्दल. तुम्ही लिहिलंत की त्याला मधुमेह निघून तीनच महिने झाले होते आणि उपचारानंतर इन्सुलिन निम्म्यावर आलं. टाइप वन निघाल्यावर पहिले काही महिने असं पुष्कळ मुलांचं आपोआप होतं. बाहेरून इन्सुलिन सुरू झालं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा थोडं काम करू लागतात. डॉक्टर याला 'हनिमून पीरियड' म्हणतात. काही आठवडे, काही महिने, क्वचित त्याहून जास्त टिकतो आणि संपतो. त्या काळात मुलाला काहीही दिलं, चरबीच्या पेशी, काढा, अंगारा, श्रेय त्यालाच जातं. खरंच इन्सुलिन बनायला लागलंय का हे बघायचं, तर सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी आहे. शरीराने स्वतः इन्सुलिन बनवलं तरच ते वाढतं, इंजेक्शनने नाही. आधीचा आणि वर्षानंतरचा सी-पेप्टाइड दाखवा म्हणावं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. कुणी 'पेशी रुजायला इन्सुलिन बंद करा' म्हटलं तर ते करू नका. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद झालं की एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठतं आणि जीव जाऊ शकतो.

लेकीच्या 'मला कुणी विचारलं का?' या प्रश्नाला तुम्ही हट्ट म्हणालात. मला तो हट्ट वाटत नाही. ती सज्ञान आहे. तिच्या सहीशिवाय कुणीही तिच्या अंगाला सुई लावू शकत नाही, ही कायद्याची बाब झाली. पण दहा वर्षं स्वतःची साखर सांभाळलेल्या मुलीला घरात जमिनीचं गिऱ्हाईक आल्यावर कळतं की आपल्याला 'दुरुस्त' करायचं ठरलंय, तेव्हा तिला काय वाटलं असेल? लग्नाच्या बाबतीत तुमची भीती खोटी नाही, मी गावातली माणसं ओळखते. तरी लपवून जमलेल्या लग्नात ती इन्सुलिन कुठे घेईल? बाथरूममध्ये कडी लावून? सासरी पहिल्याच सणाला लो झालं तर साखर कोण देईल? जे घर हे ऐकून मागे फिरेल, ते आधीच फिरलेलं बरं. सांगायचं कधी आणि कुणी, हे मात्र तिला ठरवू द्या.

पैसे तिच्यावर खर्च करायचेच असतील, तर जागा आहेत. अंगाला लावायचा, साखर मोजणारा सेन्सर चौदा दिवस चालतो, एकाची किंमत चार-पाच हजारांच्या घरात जाते. बाराही महिने परवडत नसेल, तर परीक्षेच्या किंवा डोस बदलण्याच्या काळात लावला तरी रात्री साखर कुठे जाते हे दिसतं. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन, आणि थायरॉइड. टाइप वनच्या मुलांत थायरॉइडचाही आजार बऱ्याचदा निघतो, आणि तुमच्या घरात तो आहेच. होस्टेलवरच्या मैत्रिणीला एवढं शिकवून ठेवायला सांगा: लो झाल्यावर तीन चमचे ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. उद्या औषधांविना टिकणाऱ्या पेशी आल्या, तर त्या घ्यायला तिचे डोळे आणि किडनी चांगल्या असायला हव्यात. आजचा खर्च त्यासाठी करा.

पुढच्या वेळी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टरांकडे, तिघं मिळून जा. मामांची बातमी छापून सोबत न्या आणि विचारा, 'ही चाचणी आमच्या मुलीला लागू आहे का?' प्रश्न तिला विचारू द्या.

याच विषयावर नव्या आईबापांची बरीच पत्रं येतात, 'बाळाच्या नाळेचं रक्त बँकेत ठेवलंय, मधुमेह निघाला तर त्यातून बेटं बनवता येतील ना?' आज तसा कुठलाही सिद्ध उपचार नाही. पुढे कधी स्वतःला उपयोगी पडेल म्हणून हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयुर्विज्ञान परिषदेचंही म्हणणं आहे. हप्ते चालू असतील, तर करार काढून बंद करण्याच्या अटी वाचा.